पिनांग : सुपारीच्या बेटावर अर्धा दिवस (जॉर्जटाउन पायी कसं पाहावं?)

सुपारीबाग

नवऱ्याची नोकरी बायान लेपासच्या एका कारखान्यात, म्हणून आम्ही सहा वर्षं मलेशियातल्या पिनांगला आहोत. घरी येणारे बहुतेक पाहुणे क्वालालंपूर आणि लंकावीच्या मध्ये इथे एक रात्र टाकतात आणि जेवता जेवता विचारतात, "उद्या दुपारचं विमान आहे, सकाळी काय दाखवतेस?"

गेल्या महिन्यात मावशी-काका आले तेव्हा मला सुट्टी नव्हती. त्यांनी हॉटेलातूनच अर्ध्या दिवसाची सहल घेतली. साडेआठ ते एक. त्यातला पावणेदोन तास चॉकलेटच्या, बाटिकच्या आणि ड्युरियनच्या वड्यांच्या दुकानांत गेला. खू कोंगसीचं, म्हणजे खू या चिनी कुळाच्या वाड्याचं, दार बसच्या खिडकीतून दाखवलं. "चर्च, देऊळ, मशीद सगळं झालं," असं मावशी म्हणाली, पण चेहऱ्यावर काही दिसेना. मला फार वाईट वाटलं. त्याच रात्री हा धागा काढायचं ठरवलं.

तर माझं म्हणणं असं. अर्धा दिवस असेल तर बस नको, टॅक्सी नको. जॉर्जटाउनचा, म्हणजे इथल्या जुन्या गावाचा, एकच रस्ता घ्या आणि तो सावकाश चाला. जुनं नाव पिट स्ट्रीट, आताचं जालान मस्जिद कापितान केलिंग. एका टोकाला इंग्रजांचं चर्च, मग चिनी देऊळ, मग तमिळ देऊळ, मग तमिळ मुसलमानांची मशीद, आणि पुढे चिनी कुळांच्या वाड्यांचा परिसर. सगळं मिळून जेमतेम एक किलोमीटर.

सकाळी आठला सेंट जॉर्ज चर्चपाशी सुरू करा. नऊनंतर ऊन असं चढतं की माणूस फक्त सावली शोधत चालतो. पांढरंशुभ्र, पुढे ग्रीक देवळासारखे खांब, १८१८ चं बांधकाम. आग्नेय आशियातलं हे सर्वांत जुनं अँग्लिकन चर्च. आवारात फ्रान्सिस लाइटच्या स्मरणार्थ छत्री आहे. त्यानेच १७८६ मध्ये हे बेट ईस्ट इंडिया कंपनीसाठी ताब्यात घेतलं.

तिथून पाच मिनिटांवर कुआन यिन देवीचं देऊळ. पिनांगमधलं सर्वांत जुनं चिनी देऊळ म्हणून ओळखलं जातं ते हेच. उदबत्त्यांचा धूर डोळ्यांत जातो, चष्मा असेल तर पुसायला रुमाल ठेवा. इथे घाई करू नका. आजी लोक गुडघ्यावर बसून दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकतात आणि ते कसे पडले ते पाहतात. एक उताणा आणि एक पालथा पडला की देवीने होकार दिला. माझी आजी गावी देवाला कौल लावायची, तांदळाच्या दाण्यांकडे अगदी अशीच टक लावून बघायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नाही.

मग मार्केट स्ट्रीटवर वळून लिटल इंडियात नाश्ता करा. इडली, पुट्टू मायम (आपण इडिअप्पम म्हणतो ते), फिल्टर कॉफी. क्वीन स्ट्रीटवर १८३३ चं महामारिअम्मन देऊळ आहे, ते दुपारी बंद होतं, म्हणून आधी दर्शन. मग कापितान केलिंग मशीद. मूळची १८०१ ची, आजचं रूप नंतरचं. नमाजाची वेळ सोडून पाहुण्यांना आत घेतात, अंगावर घालायला झगा तिथेच मिळतो. शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका.

शेवटी खू कोंगसी, मग आर्मेनियन स्ट्रीटवरची भिंतचित्रं, आणि पाय साथ देत असतील तर समुद्रावर खांबांवर उभी असलेली च्यू जेट्टीची घरं. तिथे लोक राहतात, दारांतून आत डोकावून फोटो काढू नका.

नावाचं राहिलं. पिनांग म्हणजे सुपारी. पुलाव पिनांग म्हणजे सुपारीचं बेट. मलय भाषेत मुलीला मागणी घालणं याला 'मेमिनांग' म्हणतात, तेही सुपारीवरूनच. आपल्याकडे लग्न ठरलं की सुपारी फुटते. मला हे कळलं तेव्हा या गावाशी आपली सोयरीक जुळल्यासारखं वाटलं.

ठाण्याची_मामी

फार छान लिहिलंयस गं. वाचनखूण साठवली. डिसेंबरात आम्ही येतोय. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण देवळात जायचा उत्साह आमच्या दुप्पट. त्यांना हा एक किलोमीटर झेपेल का? आणि त्या कांदा-लसूणही खात नाहीत.

सुपारीबाग

मामी, झेपेल. तीन गोष्टी सांगते.

एक, इथली 'बेचा', म्हणजे तीनचाकी सायकल रिक्षा. तिच्यात बसणारा पुढे आणि चालवणारा मागे असतो, त्यामुळे सगळा रस्ता डोळ्यांसमोर मोकळा. भाडं बसायच्या आधी ठरवा, तासावर की फेरीवर ते नीट विचारून घ्या. सासूबाईंना चर्चपासून खू कोंगसीपर्यंत बेचातून न्या, तुम्ही बाजूने चाला. दोन, कॅट नावाची फुकट बस जुन्या गावातून बोटींचा धक्का (जेट्टी) आणि कोमतार या उंच इमारतीच्या मध्ये फिरत असते. तीन, जुन्या दुकानघरांच्या पुढे आच्छादलेली पाच फुटी वाट असते, तिला 'काकी लिमा' म्हणतात. काकी म्हणजे पाऊल, लिमा म्हणजे पाच. ऊन आणि पाऊस दोन्ही चुकतात, पण दर दुकानाशी एखादी पायरी वर-खाली होते आणि मध्येच मोटारसायकल लावलेली असते. गुडघ्यांसाठी ते वाईट. त्यांचा हात धरूनच चाला.

जेवणाबद्दल 'बेलाचान' हा शब्द पाठ करा. वाळवलेल्या कोळंबीचा लगदा, जवळपास प्रत्येक सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, असतो. नुसती भाजी दिसते म्हणून ताटात घेतली की फसायला होतं. 'ताक माऊ बेलाचान' म्हणजे बेलाचान नको. कांदा-लसणाशिवायचं हवं असेल तर चिनी बौद्ध शाकाहारी खाणावळ शोधा, त्यांच्यातले पुष्कळ जण कांदा-लसूण वर्ज्य मानतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी चिनी लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी अशा ठिकाणी रांग असते. आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचेच दिवस ते.

क्लांगवासी

धागा आवडला. मी क्वालालंपूरजवळ बारा वर्षं आहे. शब्दांचा विषय निघालाच आहे तर थोडी भर घालतो. पिनांगच्या रस्त्यावर पाट्या वाचत चाललात तर निम्मी ओळख आपोआप पटते.

हार्गा म्हणजे किंमत, आपला अर्घ. मासा म्हणजे वेळ, आपला मास. गुला म्हणजे साखर, मुळात गुळ. कुंची म्हणजे किल्ली, संस्कृतातली कुंचिका. पर्पुस्ताकाआन म्हणजे ग्रंथालय, मध्ये पुस्तक बसलेलं. सुआमी म्हणजे नवरा, इस्तेरी म्हणजे बायको. आणि मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो शब्द पुआसा. रमजानच्या रोजांना मलय लोक पुआसा म्हणतात, तो आपला उपवास आहे. शेजारचा मलय मित्र "उद्यापासून पुआसा" म्हणतो तेव्हा मला घरचं कोणी बोलतंय असं वाटतं.

'मामाक' ही पाटीही सगळीकडे दिसेल. तमिळ मुसलमानांची खाणावळ. शब्द तमिळ मामावरून आला. आणि 'नासी कांदार' म्हणजे काय? नासी म्हणजे भात, कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. हे लोक कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवण घेऊन गोदीवरच्या कामगारांना विकत फिरायचे. आज वातानुकूलित दुकानं झाली तरी नाव कावडीचंच राहिलं.

गणितमास्तर

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर मी स्पष्ट असहमत आहे. पिनांगला जाऊन केक लोक सी हे मोठं बौद्ध देऊळ पाहायचं नाही? आम्ही २०१९ मध्ये गेलो होतो. तिथला पॅगोडा नुसता पाहिला तरी तुमचा बहुसांस्कृतिकतेचा मुद्दा एका इमारतीत सिद्ध होतो : तळाचा भाग चिनी, मधला थाई, कळस बर्मी. १९३० मध्ये पूर्ण झाला. आणि पुलाव टिकुस या भागात निजलेल्या बुद्धाचं थाई देऊळ आणि त्याच्या अगदी समोर बर्मी देऊळ आहे, मध्ये फक्त रस्ता. बर्मी देऊळ १८०३ चं, म्हणजे तुमच्या चर्चहून जुनं. तुमच्या एका रस्त्यावर थाई आणि बर्मी लोक आहेतच कुठे? शहराची अर्धी गोष्ट सुटते. गाडी केली तर चार तासांत हे सगळं होतं. आम्ही केलं.

सुपारीबाग

मास्तर, थाई-बर्मी राहून जातात हे तुमचं म्हणणं मान्य. तो माझ्या वाटेतला खरा तोटा आहे.

पण चार तासांत केक लोक सी, दोन्ही बौद्ध मंदिरं आणि जुनं गाव असं सगळं कोंबलं की प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळतात आणि बाकीची सकाळ गाडीत जाते. मी स्वतः पाहुण्यांना तसं फिरवलं आहे, पहिल्या वर्षी. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना कोणतं देऊळ कुठलं ते सांगता येईना. म्हणून मी सांगेन, सकाळ पिट स्ट्रीटला द्या. विमान रात्रीचं असेल तर दुपारी चारनंतर थाई आणि बर्मी देऊळ. केक लोक सी टेकडीवर आहे, पायऱ्या खूप आहेत, त्याला वेगळी सकाळ हवी.

दप्तरखाना

या धाग्यावर एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. सेंट जॉर्ज चर्चचा उल्लेख झाला. ते बांधलं कोणी? हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी.

आपल्याला काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं. पण अंदमानची कैदी वसाहत १८५८ ची. त्याआधी कितीतरी दशकं हिंदुस्थानातल्या जन्मठेपेच्या कैद्यांसाठी काळं पाणी म्हणजे पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर होतं. अठराव्या शतकाच्या शेवटापासून पिनांगला कैदी येऊ लागले. सुरुवातीला बंगालमधून, मग मद्रास आणि मुंबई इलाख्यांतूनही. त्यात चोर-दरोडेखोर होते तसे कंपनीविरुद्ध उठलेलेही होते. तमिळ मुलखातला पाळेयकारांचा (तिथल्या सरदारांचा) उठाव मोडल्यावर १८०२ मध्ये सत्तरहून अधिक जणांना याच बेटावर धाडलं गेलं.

रस्ते, पूल, गटारं, भराव, सरकारी इमारती, सगळं या लोकांच्या अंगमेहनतीवर उभं राहिलं. पुढे तर कैद्यांवर देखरेख करायला त्यांच्यातूनच मुकादम नेमत. १८५७ नंतर बंडवाल्यांना इकडे पाठवायचा विचार झाला तेव्हा इथल्या वसाहतींतल्या युरोपियनांनी विरोध केला, आणि मग अंदमान. उरलेले कैदी १८७३ पर्यंत अंदमानला हलवले गेले. ज्यांची मुदत संपली त्यांच्यातले बरेच जण इथेच राहिले, इथल्याच बायकांशी लग्नं केली.

त्यामुळे सहलीत 'इंग्रजांचं चर्च' म्हणून दाखवतात तेव्हा मला फार टोचतं. आराखडा इंग्रजाचा, विटा आपल्या माणसांनी वाहिल्या. सातारा-रत्नागिरीकडचा एखादा माणूस बेड्यांसह तिथे उतरला असेल तर त्याला समोर सुपारीची झाडं दिसली असतील. त्याला काय वाटलं असेल?

ठाण्याची_मामी

दप्तरखाना, वाचून अंगावर काटा आला. हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

सुपारीबाग

दप्तरखाना, मनापासून आभार. सहा वर्षं मी त्या खांबांखाली पाहुण्यांचे फोटो काढले आणि यातलं काहीही सांगितलं नाही. आता सांगेन.

काल सकाळी मुद्दाम गेले. कोणी नव्हतं. एका खांबाच्या बुडाशी रंगाचा पापुद्रा सुटला आहे, खाली चुन्याचा गिलावा दिसतो. मी तिथे हात ठेवून उभी राहिले. बेड्यांतला हात असाच त्या चुन्यावरून फिरला असेल एवढंच मनात येत होतं.

हिरवी_मिरची

वा! इतके धर्म, इतक्या भाषा आणि सगळे एका रस्त्यावर गुण्यागोविंदाने. भारतातल्या लोकांनी शिकण्यासारखं आहे.

दप्तरखाना

हिरवी मिरची, भावना पोचली. पण इतकं सोपं नव्हतं. खू कोंगसीजवळच्या रस्त्याचं नाव कॅनन स्ट्रीट. १८६७ मध्ये इथे दहा दिवस दंगल चालली होती, तेव्हाच्या तोफगोळ्याशी त्या नावाचा संबंध जोडतात. आचीन स्ट्रीटच्या मशिदीच्या मिनारातली गोल खिडकी म्हणजे त्याच गोळ्याने पाडलेलं भोक, असंही गावात सांगतात.

पण लक्षात घ्या, ती दंगल चिनी विरुद्ध मलय अशी नव्हती. एका बाजूला चिनी गुप्त मंडळ आणि लाल झेंडेवाले मुसलमान, दुसऱ्या बाजूला दुसरं चिनी मंडळ आणि पांढरे झेंडेवाले मुसलमान. भांडणातही जाती-धर्म एकमेकांत मिसळलेले. मला पिनांगची खरी ओळख तिथे दिसते. ही माणसं एकमेकांशेजारी नुसती राहिली नाहीत, व्यापारात, लग्नात आणि मारामारीतही एकमेकांत गुंतलेली होती.

क्लांगवासी

+१. आणि आजचाही एक प्रश्न आहे. जुन्या घरांची भाडी गोठवणारा कायदा २००० च्या सुरुवातीला संपला. भाडी वाढली, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी सुतार, शिंपी, घिसाडी मंडळी गाव सोडून गेली. २००८ मध्ये मलाक्काबरोबर जॉर्जटाउन जागतिक वारसा झालं, भिंती वाचल्या, पण कित्येक घरांत आता कॉफीची दुकानं आणि हॉटेलं. म्हणून चालताना एखादा म्हातारा उदबत्त्या वळताना किंवा पाट्या कोरताना दिसला तर त्याच्याकडून काहीतरी विकत घ्या. चुंबकाची शोभेची वस्तू विमानतळावरही मिळते.

गणितमास्तर

हा मुद्दा पटला. मुंबईतल्या चाळींचं आणि पागडीचं जे झालं तेच वेगळ्या वाटेने. २०१९ मध्ये मी हे काही पाहिलं नाही हेही कबूल करतो. पुढच्या खेपेला सकाळ पिट स्ट्रीटला देईन, आणि केक लोक सी दुसऱ्या सकाळी. तेवढं सोडणार नाही.

सुपारीबाग

मास्तर, ठरलं. दुसऱ्या सकाळी मी गाडी घेऊन येते.

हिरवी_मिरची

धागा वर काढतेय. आत्ताच परत आलो. व्हिसा लागला नाही (१ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस सूट आहे, तरी निघण्याआधी नियम बघून घ्या). डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं, विमानतळावर दोन कुटुंबं त्यासाठी अडकलेली पाहिली.

तुम्ही सांगितलेल्याच वाटेने गेलो. शुक्रवार होता हे विसरलो, मशिदीपाशी पोचेपर्यंत गर्दी जमायला लागली होती, म्हणून आत गेलो नाही. पण त्यामुळे एक झालं. समोरच्या सावलीत उभे राहिलो. मशिदीचा भोंगा सुरू झाला, आणि क्वीन स्ट्रीटकडून देवळातल्या नादस्वरमचा आवाज येत होता. फुलवाल्या बाईने ते दोन्ही ऐकत, मान वर न करता मोगऱ्याचा गजरा ओवून पुरा केला आणि माझ्या हातात ठेवला. पैसे विचारले तर आधी पाण्याची बाटली पुढे केली. ऊन फार होतं.

चर्चच्या खांबालाही हात लावून आलो. मुलीला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "त्यांची नावं कुठे लिहिली आहेत?" आवारात शोधलं, आम्हाला दिसली नाहीत.

आता माझा प्रश्न. एका गाडीवर जायफळाचं सरबत प्यायलो. फिकट, आंबटगोड, तळाशी खारवलेलं प्लम. चव ओळखीची वाटत होती, पण कुठली ते आठवेना. हॉटेलवर आल्यावर लक्षात आलं, माझ्या आत्याकडे वेंगुर्ल्याला जायफळाच्या वरच्या सालीचं लोणचं घालतात, तीच ती तुरट चव. ते सरबत सालीपासूनच करतात का? आणि वाळवलेलं कुठे मिळेल?

सुपारीबाग

हो, फळाच्या गरापासूनच. आपण बी आणि जायपत्री वापरतो आणि कोकणात थोडी घरं सोडली तर साल टाकून देतो, इथे गर हीच मुख्य वस्तू. इंग्रजांनी मसाल्यासाठी इथे बागा लावल्या, आता बेटाच्या मागच्या बाजूला बालिक पुलावकडे झाडं आहेत. वाळवलेलं दोन प्रकारचं मिळतं, गोड किसासारखं आणि खारवलेलं. चुलिया स्ट्रीटजवळच्या बाजारात सुटं मिळतं, चाखून घेता येतं. आत्यासाठी खारवलेलं घ्या. मी मेमध्ये वेंगुर्ल्याला येणार आहे, तोवर कोणी येत नसेल तर पाव किलो मीच आणते. त्यांच्याकडून सालीच्या लोणच्याची कृती मात्र हवी.